सुकरी काय म्हणाली

बोरगट्टा
२९ जानेवारी २०२५

सुकरी,

सेवा जोहार.

सोमवारी चंद्रपूरला येऊन गेले. जेलच्या फाटकावरच्या बाईंनी विचारलं, "नातं काय?" मी म्हटलं, मैत्रीण. त्या म्हणाल्या, मैत्रीण चालत नाही, मुलाखत फक्त नातेवाइकांना. तुझी घोंगडी आणि दोन लुगडी त्यांनी ठेवून घेतली, मिळाली असतील. मोहाचे लाडू परत केले.

पत्र पाठवता येतं, पण आधी ते वाचतात आणि मग आत देतात, असं कळलं. म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते आहे, म्हणजे त्यांना संशय नको. तू आणि मी मराठीत कधी बोललोच नाही, त्यामुळे हे परक्या बाईला लिहिल्यासारखं वाटतं.

तुझ्या घरी वारलूदादा बरा आहे. म्हशीचं पारडू जगलं. अंगणवाडीत तुझ्या घरासमोरची तिन्ही पोरं रोज येतात.

सतरा तारखेच्या जनसुनावणीचं म्हणशील, तर माझं डोकं अजून सुन्न आहे. ग्रामसभेची अध्यक्षा म्हणून तू गोंडीत बोललीस. सुनावणीच्या साहेबांशेजारी दुभाषी म्हणून बसून मी ते बाबूला मराठीत सांगितलं, आणि बाबूने लिहिलं. संध्याकाळी इतिवृत्त वाचून दाखवताना "बोरगट्टा ग्रामसभेच्या अध्यक्षांनी रोजगाराच्या अटीवर पेनमेटा डोंगरावरील खाणीस संमती दर्शविली" असं निघालं. तू टेबलाकडे धावलीस, कागद ओढलेस, त्यात साहेब खुर्चीसकट मागे पडले. सगळं दोन मिनिटांत झालं. बाबूने ऐकण्यात चूक केली असणार. माइकचा गोंगाट किती होता, तुला माहीत आहे.

सरकारी कामात अडथळा म्हणजे फार मोठा गुन्हा नसतो म्हणे. लवकर सुटशील.

तुझी
रंजीता


१६ फेब्रुवारी

सुकरी,

उत्तर आलं नाही. कागद-पोस्टाची तिकिटं मिळत नसतील, असं समजून या पाकिटात घालते आहे.

बातमी अशी की आमच्या प्रफुलला बढती मिळाली. आता हायवा ट्रक चालवायचा नाही, कंपनीच्या जुन्या खाणीच्या फाटकावर गाड्यांची नोंद ठेवायची. कंबर दुखायची त्याची, ते थांबेल. तुला हे सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. पण तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

आणि परवा धनराजभाऊ अंगणवाडीत आले होते. ते आमदार नाहीत, खासदार नाहीत, तरी तालुक्यात त्यांच्याशिवाय पान हलत नाही, हे तूच म्हणायचीस. पोरांसोबत खाली बसून खिचडी खाल्ली. आमच्या रिनाला मांडीवर घेतलं. जाताना मला म्हणाले, "रंजीता, पंचायत समितीच्या निवडणुका आज ना उद्या लागतीलच. तुले उभं करतो. अंगणवाडीच्या बाईनं सभापती काऊन होऊ नये? मोठ्या घरच्याईनंच राज्य करावं काय?"

मी पोरांची ताटं गोळा केली. पण खोटं कशाला बोलू, रात्रभर ते शब्द कानात होते. माझे बाबा तीस वर्षं या जंगलात मास्तर होते. कचेरीत गेले की त्यांना दाराबाहेर उभं ठेवायचे. त्यांच्या मुलीला कोणी खुर्ची देतो म्हटलं, तर तिला काय वाटेल, तूच सांग.

तू मला त्या दिवशी पाहिलंस. पोलीस तुला गाडीत बसवत होते आणि तू गर्दीत मला शोधलंस. मी चप्पल शोधत खाली वाकले होते. खरंच चप्पल हरवली होती.

रंजीता


२ मार्च

सुकरी,

तिसरं पत्र. तू वाचतेस की फाडतेस, कळायला मार्ग नाही.

महाशिवरात्रीला धनराजभाऊंनी मार्कंड्याच्या जत्रेसाठी बोरगट्ट्यातून दोन गाड्या सोडल्या. फुकट. गाड्यांवर भाऊंचा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'भाऊ म्हणजे आपण'. गाड्या कंपनीच्या, हे सगळ्यांना माहीत आहे. अर्धं गाव गेलं. तुझी मावशी रुखमाबाईसुद्धा. मी विचारलं तर म्हणाली, "नदी त कंपनीची नाई ना? आंघोळ करून येतो."

नंदिनी वकीलबाई गडचिरोलीहून दोनदा येऊन गेल्या. तुझा जामीन पहिल्यांदा नाकारला, कारण पोलिसांच्या कागदात लिहिलंय की तू आधी संमती दिलीस आणि मग कोणीतरी भडकवल्यावर हल्ला केलास. म्हणजे बाहेरच्यांचा हात. त्यात तुझ्यावर आणखी दोन कलमं वाढली. नंदिनीताई माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "सुकरीबाई नेमकं काय बोलल्या, ते शब्द फक्त तुम्ही दोन्ही भाषांत सांगू शकता. गावातल्यांनी ऐकलं, पण कोर्ट म्हणेल ते तिचेच लोक आहेत. तुम्ही शासनाच्या दुभाषी होता. शपथपत्र द्या."

मी म्हटलं, मला नीट आठवत नाही.

त्यांनी वही मिटली आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन गेल्या.

प्रफुल आतून सगळं ऐकत होता. म्हणाला, "बरोबर केलं. तुह्या एका सहीनं ती सुटन का नाई माहीत नाई, पन आपन रस्त्यावर येऊ हे पक्कं."

सुकरी, मला आठवतं.

रंजीता


२० मार्च

सुकरी,

आज सगळं लिहिते. जेलच्या बाईंनी वाचलं तर वाचू दे. उलट त्यांनी वाचावंच.

तू माइकसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस: "हा मंडप कंपनीचा. खुर्च्या कंपनीच्या. दुपारचं जेवण कंपनीचं. ज्याच्या ताटात जेवलो, त्याच्या तोंडावर नाही म्हणायला माणसाला लाज वाटते, म्हणून तुम्ही आम्हाला इथे बोलावलं. आमच्या गावात या. आमच्या मोहाखाली बसा, आमची पेज प्या आणि मग विचारा. पण आजच उत्तर पाहिजे असेल तर आजच घ्या. पेनमेटा आम्ही देत नाही. हिल्ले. हिल्ले. हिल्ले."

तीनदा 'नाही' म्हणालीस. मी मोजलं.

बाबूने पेन वर करून माझ्याकडे पाहिलं, "काय म्हणते?" आणि मी त्याच्या कानाशी म्हटलं, "ती म्हणते, गावात येऊन बोला. आमच्या पोरांना काम द्या, मग विचार करू."

बाबूने ते लिहिताना 'विचार करू'चं 'संमती' केलं. अर्धं खोटं त्याचं. पण पहिलं अर्धं माझं आहे. कामाचा शब्द तू काढलाच नव्हतास.

आदल्या दिवशी धनराजभाऊंनी बोलावलं होतं. धमकी दिली नाही. चहा दिला. म्हणाले, "रंजीता, मी तुले खोटं बोल म्हनत नाई. सुकरीबाईचं बोलनं लय तिखट असते. सायेबलोक बिथरतात. मंग प्रकल्प चालला जाते छत्तीसगडात, अन् आपले पोट्टे मिरची तोडाले जातात तेलंगणात. तू फक्त तिखट कमी कर. भाजी तेच राहू दे."

आणि मी मान डोलावली. का डोलावली, हे तुला सांगितलंच पाहिजे.

बावीसच्या जुलैतला पूर तुला आठवतो. नाल्यावरून पाणी होतं, मला कळा सुरू झाल्या होत्या. दवाखान्याची गाडी पलीकडे उभी, इकडे यायला तयार नाही. प्रफुल कामावर अडकला. तूच मला पाठीशी घेऊन बसली होतीस. तेव्हा धनराजभाऊ स्वतः ट्रॅक्टर घालून आले. कमरेइतक्या पाण्यात. रिना त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच जन्मली, दवाखान्याची गाडी अजून पलीकडेच होती. शासन आलं नाही, भाऊ आले. त्या दिवसापासून मला वाटायचं, सरकार म्हणजे कागद आणि भाऊ म्हणजे माणूस. कागदावर काय लिहिलं, ते कोणाला पडलंय? माणूस आपला असला की झालं.

ते पूल बांधतील असं वाटलं होतं. पूल अजूनही नाही. खाणीकडचा रस्ता मात्र चार पदरी झाला.

पण त्या पाण्यात तूही होतीस ना. तुझी मी काय परतफेड केली?

माफी मागते.

रंजीता


९ एप्रिल

सुकरी,

काल गडचिरोलीत भाऊंची सभा झाली. मी मंचावर होते. थांब, पूर्ण वाच.

त्यांनी बोलावलं आणि मी गेले. मागच्या पत्रात तुझी माफी मागून वर मंचावर गेले, असा माझा स्वभाव आहे. मला तिकीट हवं होतं. वाटलं, निवडून आले की आतून काहीतरी करीन, तुलाही सोडवीन. गुलाबी फेटा बांधला त्यांनी मला.

मैदान भरलं होतं. कंपनीच्या गाड्यांनी आमच्या भागातल्या बायका आणल्या होत्या. भाऊ किती छान बोलतात, तू कधी बसून ऐकलं नाहीस. म्हणाले, "बेचाळीस साली चिमूरनं इंग्रजाले हाकललं! आता हे नवे इंग्रज आले. पुण्या-मुंबईचे वकील, झोला लटकावून फिरनारे. त्याईले आपली पोरं गरीबच पायजे." मग कंपनीलाही सोडलं नाही. "कंपनीवाल्यांची गचांडी धरून काम घेतो तुमच्यासाठी!" लोक उभे राहून ओरडायला लागले. कंपनीचे मोठे साहेब मंचावर दुसऱ्या रांगेत बसले होते, ते हसत होते.

मग म्हणाले, "ग्रामसभा, ग्रामसभा करतात. लोकशाही म्हंजे काय? लोक. अन् लोक कुठी हायेत? हे माह्या समोर बसून हायेत! पेनमेट्यावर काम पायजे का नाई? हात वर करा!" हजारो हात वर गेले. ब्रह्मपुरीचे, नागभीडचे, ज्यांनी पेनमेटा कधी पाहिला नाही त्यांचे. भाऊ म्हणाले, "झाली ग्रामसभा! आता कागद कायले पायजे?"

सुकरी, मी मंचावरून ते हात पाहिले. त्यांचा काही दोष नव्हता. काम कोणाला नको? माझाही हात अर्धा वर गेला होता.

मग त्यांनी मला पुढे ओढलं. "ही आमची रंजीता. हिनं गावाचा होकार सोताच्या कानानं आयकला. अन् ती सुकरी... बिच्चारी. तिले त मराठी समजत बी नाई. बाहेरच्यांनी कागद फाडाले लावला, तिनं फाडला."

तिला मराठी समजत नाही! सातवीला मराठीत तू पहिली होतीस. माझ्या बाबांनी तुला शाईचा पेन दिला होता आणि मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

एवढ्याच गोष्टीचा मला राग आला. मोठी कुठली गोष्ट मनात नव्हती. भाऊ म्हणाले, "बोल, तुह्या बायाईले गोंडीत सांग." माइक हातात आला आणि मी गोंडीत सांगितलं. तू काय बोललीस ते सगळं, मंडपापासून तीन हिल्लेपर्यंत. मग म्हटलं, हे मी बदललं. सुकरीने हो म्हटलं नाही. मी खोटं बोलले.

पुढे बसलेल्या बायका झेंडे हलवायच्या थांबल्या. आमच्या बाजूच्या, ज्यांना कळलं त्या. मागे कोणाला काहीच कळलं नव्हतं. भाऊंनी हसत माइक घेतला आणि म्हणाले, "आयकलं? रंजीता म्हनते, भाऊ, लवकर खान चालू करा!" टाळ्या वाजल्या. ढोल सुरू झाले.

रुखमाबाई उठली. तिच्यामागे अकरा जणी उठल्या आणि मैदानाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला बसल्या. बाकीच्या उठल्या नाहीत. जेवण व्हायचं होतं, आणि परतीची गाडी त्यांचीच होती. मी त्यांना नावं ठेवत नाही.

मंचामागे भाऊंनी फेटा स्वतःच्या हाताने काढून घेतला. आवाज चढवला नाही. "काय बोलली ते समजलं मले. पंधरा वर्स फिरून राह्यलो तुमच्या गावाईत, हिल्ले म्हंजे काय तेवढं समजते. रिनाले जप."

ते शेवटचे दोन शब्द त्यांनी प्रेमाने म्हटले की कसे, मला कळत नाही. काल रात्रीपासून तेवढंच उलटून-पालटून पाहते आहे.

रंजीता


३० एप्रिल

सुकरी,

शपथपत्र दिलं. नंदिनीताईंच्या ऑफिसात बसून, शब्द न् शब्द.

अंगणवाडीतून मला निलंबित केलं. कारण लिहिलंय 'राजकीय सभेत सहभाग'. ते खरंच आहे, नाकारू कशी? प्रफुलचं फाटकावरचं काम गेलं. तिसऱ्या दिवशी तो रिनाला घेऊन भावाकडे चिमूरला गेला. जाताना म्हणाला, "तू खोटं बोलली तवा मले नाई विचारलं, खरं बोलली तवाही नाई विचारलं." पोरीचे वाळत घातलेले कपडे त्याने दोरीवरून ओले तसेच नेले.

तुला जामीन मिळाला, पण आपल्या तालुक्यात पाय ठेवायचा नाही, ही अट. म्हणजे बाहेर येऊनही तू घरी नाहीस. हे पत्र नंदिनीताईंच्या पत्त्यावर पाठवते आहे.

मी त्यांना विचारलं, सुकरी माझी पत्रं वाचते का? त्या म्हणाल्या, "सगळी वाचली. तुम्हाला एक निरोप आहे. म्हणाल्या, तिला सांगा, माझी माफी कशाला मागते? मी तिथे एकटीच्या वतीने बोलत होते का?"

गडचिरोली ते बोरगट्टा, बसमध्ये उभी राहून आले. जागा असून बसले नाही.

रंजीता


१९ मे

सुकरी,

तुझा निरोप ऐकून गावात गेले. घरोघर नाही, तेवढं धैर्य नव्हतं. वारलूदादाकडे गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, जाळं विणत राहिला. पण बुधवारी मोहाखाली ग्रामसभा बोलावली. एकोणसत्तर घरांपैकी अठ्ठावन्न आली. न आलेल्यांची पोरं खाणीवर आहेत.

मी उभी राहून सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. बिरजू गायता, आपला पुजारी, एवढंच म्हणाला, "आमी तुले आपल्या तोंडावर बसवलं होतं, बाई."

नंतर ठरावाची गोष्ट निघाली. जनसुनावणी झाली ती झाली, ग्रामसभेचा स्वतःचा ठराव हवा, असं नंदिनीताईंनी सांगितलं होतं. सरकारी मराठी लिहिणार कोण? तू नाहीस. वारलूदादाला वाचता येतं, पण असलं लिहिता येत नाही. शेवटी माझ्याकडेच वही आली. रुखमाबाई म्हणाली, "लिवू दे तिले. पन एकेक वळ वाचून दाखवन, मंग दुसरी लिवन."

तसंच झालं. मी एक ओळ मराठीत लिहायची, गोंडीत सांगायची. वारलूदादा वही ओढून स्वतः वाचायचा आणि मान हलवायचा. दुसऱ्या ओळीत मी 'सध्या' असा शब्द घातला होता. 'ग्रामसभा सध्या नकार देते.' हात आपोआप गेला, सवयीने, देवाशपथ. वारलूदादाने विचारलं, "हा सध्या काय होय?" मी सांगितलं. अठ्ठावन्न घरं माझ्याकडे पाहत होती. मी तो शब्द खोडला आणि खोडल्याजवळ सही केली. चौदा ओळींना दुपार लागली.

आज मी आणि गावातले तेवीस जण ठराव घेऊन तालुक्याच्या कचेरीत आलो. खिडकीतल्या बाबूने वरून खाली वाचला आणि परत सरकवला. म्हणाला, "खाणीची परवानगी येऊन गेली, बाई. शुक्रवारीच. आता हा कागद कोणत्या फायलीले लावू? आवक-शिक्का मारता येत नाही. घरी जा."

मागे उभ्या वारलूदादाने मला विचारलं, "काय म्हणते?"

तेवीस जण माझ्या तोंडाकडे पाहत होते. मला वाटलं, थोडं सौम्य सांगावं. उन्हात सहा मैल चालून, मग बसने आलेत. रुखमाबाईचे पाय सुजलेत. म्हणावं, साहेब जेवायला गेलेत, नंतर बघतो म्हणतात.

मी सगळं सांगितलं. परवानगी आली. शुक्रवारी आली. हा कागद लागत नाही. शिक्का मिळणार नाही. घरी जा म्हणतो.

गोंडीत सांगून झाल्यावर मी खिडकीकडे वळले आणि बाबूला मराठीत म्हटलं, "त्यांना समजलं." तो म्हणाला, "मग?"

मी पुन्हा मागे पाहिलं. रुखमाबाई खाली बसली होती. तिच्याजवळ बिरजू गायता बसला. मग एकेक करत सगळे बसले. मला कोणी काही सांगितलं नाही, म्हणून बाबूला काय सांगायचं ते मला कळेना. शेवटी वारलूदादा म्हणाला, "सांग त्याले. आमी शिक्का घेऊनच जाऊ."

मी सांगितलं, तसंच्या तसं.

आता अडीच वाजलेत. खिडकी आतून लावून घेतली आहे. बाहेर पोलिसांची एक गाडी येऊन उभी राहिली, अजून कोणी उतरलेलं नाही. ठराव माझ्याजवळ आहे, ओटीत. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून हा कागद मागून तुला लिहिते आहे, कारण यातलं काही पुढे कोणी बदलून लिहिलं तर तुझ्याजवळ माझ्या अक्षरात असावं. तेवीस जण बसले आहेत. कोणी दगड उचललेला नाही. कोणी हो म्हटलेलं नाही.

गाडीचं दार उघडलं.

रंजीता